मुलांवरील अत्याचाराची शंका आली तर काय करायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षक, अंगणवाडी सेविका, शेजारी, आजी-आजोबा आणि आई-बाबा यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरे महाराष्ट्र डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. गोव्यात जे वेगळे आहे ते शेवटाकडे आहे. मूल या क्षणी धोक्यात असेल तर हे वाचत बसू नका, १०९८ (चाइल्डलाइन) किंवा ११२ (तातडीची पोलीस मदत) लावा.

मला नुसती शंका आहे. खात्री नसताना कुणाचे नाव कसे घेऊ?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि मुलांचे सगळ्यात जास्त नुकसानही याच पायरीवर होते. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजे आपण ज्याला पॉक्सो म्हणतो, त्याचे कलम १९ सांगते की असा गुन्हा घडल्याचे ज्याला माहीत आहे किंवा घडेल अशी ज्याला धास्ती वाटते, त्याने पोलिसांना कळवायचे. पुरावा आणा, साक्षीदार शोधा, असे त्यात कुठेही नाही. तपास करणे पोलिसांचे काम, निकाल देणे न्यायालयाचे. तुम्ही फक्त जे पाहिले, जे ऐकले, ते सांगायचे.

प्रत्यक्षात होते काय? "आधी खात्री करून घेऊ" म्हणत मुख्याध्यापक मुलीला केबिनमध्ये बोलावतात. मग वर्गशिक्षिका विचारते, मग आई विचारते, मग मावशी. चौथ्यांदा विचारल्यावर मुलगी म्हणते, "काही नाही झालं." तोवर ज्याच्यावर संशय आहे त्यालाही कुणीतरी "जरा विचारून" झालेले असते. तो सावध होतो, मोबाइल साफ करतो, मुलीला धमकावतो. खात्री करून घेण्याच्या नादात केस हातची जाते.

चांगल्या हेतूने कळवलेले पुढे खरे ठरले नाही, तरी कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. कलम १९ मध्येच तशी तरतूद आहे.

आणि कळवलेच नाही तर?

कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचे कृत्य दडवले तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. ही सक्ती मुलांना लागू नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याचे प्रकरण इथे सांगायलाच हवे. वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवर अत्याचार झाले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी पोलिसांना कळवले नाही, असा आरोप होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने डॉक्टरांवरचा गुन्हा रद्द केला. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश फिरवला आणि माहिती असून न कळवणे हा गंभीर गुन्हा आहे, असे बजावले. "मी फक्त औषध दिले" हे म्हणणे आता चालत नाही.

कोणत्या खुणा ओळखायच्या?

एकाच खुणेवरून निष्कर्ष काढू नका, पण एकही खूण सोडून देऊ नका. खेळणाऱ्या पोराच्या गुडघ्यावर, नडगीवर, कोपरावर, कपाळावर खरचटलेले असतेच. गाल, कान, मान, पाठ, पोट, मांडीची आतली बाजू अशा मऊ जागी काळे-निळे डाग दिसले तर थांबून बघा. पट्ट्याचा किंवा वायरच्या वेटोळ्याचा आकार उमटलेला वळ, बिडी-सिगारेटचा गोल चटका, मोजा घालावा तसा पायावर सरळ रेषेत संपणारा भाजल्याचा व्रण, हे सहसा अपघाताने होत नाही. अजून बसताही न येणाऱ्या तान्ह्या बाळाच्या अंगावर डाग असेल तर तो नेहमीच डॉक्टरला दाखवावा. एक मात्र ध्यानात ठेवा. आपल्याकडच्या बऱ्याच बाळांच्या कमरेवर, कुल्ल्यांवर जन्मतः निळसर डाग असतात आणि ते वाढत्या वयात फिके पडत जातात. तो मार नव्हे.

लैंगिक अत्याचारात अंगावर खूण नसणे हेच जास्त आढळते, त्यामुळे "डॉक्टर म्हणाले, सगळं नॉर्मल आहे" म्हणजे काही घडले नाही असा अर्थ होत नाही. तिथे वागणे बघावे लागते. अंथरूण ओले करायचे थांबलेल्या मुलाने पुन्हा ते ओले करणे, ठरावीक माणूस घरी आला की खोलीत जाऊन बसणे, शिकवणीच्या वेळीच पोट दुखणे, वयाला न शोभणारी लैंगिक भाषा किंवा खेळ, कुठून आले ते सांगता न येणारे पैसे, चॉकलेट, मोबाइल. लघवी करताना जळजळ, चालताना त्रास, आतल्या कपड्यांवर रक्त, हे असेल तर त्याच दिवशी दवाखाना.

एप्रिलच्या उन्हात पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून येणारी, पीटीच्या तासाला "मला सर्दी झालीय" म्हणून कोपऱ्यात बसणारी चौथीतली मुलगी डोळ्यांसमोर आणा. तिला वर्गात सगळ्यांपुढे स्वेटर काढायला लावू नका. मधल्या सुट्टीत शेजारी बसा, डबा खाता खाता बोला.

दुर्लक्ष हाही अत्याचाराचाच प्रकार आहे, पण गरिबी आणि दुर्लक्ष यांत गल्लत करू नका. फाटका गणवेश म्हणजे दुर्लक्ष नाही. ऐपत असून आजारी मुलाला दवाखान्यात न नेणे, चार वर्षांच्या मुलाला दिवसभर कोंडून ठेवणे, हे दुर्लक्ष.

घरात, शाळेत थोडाफार मार चालतोच की. तो पण अत्याचार?

शाळेत नाही चालत. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे. अंगठे धरून उभे करणे, जातीवरून टोमणे मारणे, फी थकली म्हणून वर्गाबाहेर बसवणे, हेही त्यात येऊ शकते. घरातल्या किंवा इतर सांभाळणाऱ्याने मुलाला अशी मारहाण केली, टाकून दिले किंवा जाणूनबुजून हेळसांड केली की त्याला विनाकारण शारीरिक वा मानसिक त्रास व्हावा, तर बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७५ लागते आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पॉक्सो फक्त लैंगिक गुन्ह्यांसाठी आहे. कोणते कलम लावायचे याची काळजी तुम्ही करू नका.

मुलग्यांच्या बाबतीतही असे होते?

होते, आणि तिथे गप्प बसणे जास्त असते. केंद्र सरकारच्या महिला व बाल विकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात महाराष्ट्रही होता. ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचे सांगितले आणि त्यांत मुलगे निम्म्याहून किंचित जास्तच होते. पॉक्सोमध्ये 'बालक' म्हणजे १८ वर्षांखालची कुणीही व्यक्ती, मुलगा, मुलगी, तृतीयपंथी. "मुलगा आहे, त्याला काय होतंय" हे वाक्य घरातून हद्दपार करा.

करणारा अनोळखीच असतो ना?

क्वचित. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या अहवालांत पॉक्सोच्या बलात्काराच्या गुन्ह्यांत ९० टक्क्यांहून अधिक आरोपी मुलाच्या ओळखीतले असतात. काका, मामा, सावत्र बाप, शेजारी, शिकवणीचे सर, रिक्षावाले काका. म्हणून "अनोळखी माणसाकडून चॉकलेट घेऊ नको" एवढ्यावर शिकवण थांबवणे फार अपुरे आहे. "काकांना पापी दे" असा आग्रह पाहुण्यांसमोर करणे थांबवले तरी बराच फरक पडतो. आपल्या अंगाला कुणी हात लावायचा ते आपण ठरवायचे, हे मुलाला घरातच समजायला हवे.

मुलाने मलाच सांगितले. तिथल्या तिथे काय करू?

ऐका. चेहऱ्यावर धक्का दाखवू नका. मुले तुमचा चेहरा बघून पुढचे वाक्य गिळतात. "तू सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी काही चूक नाही," एवढे म्हणा. "कुणाला सांगणार नाही" असे वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. "तुला मदत करू शकतील अशा माणसांना मला सांगावं लागेल" हे खरे आहे, तेच सांगा.

तोंडात शब्द घालू नका. "काकांनी इथे हात लावला का?" असे विचारू नका. "मग काय झालं?" एवढे पुरते. "आधी का नाही सांगितलंस?", "तू ओरडली का नाहीस?" हे प्रश्न तर नकोतच. आणि एकदा ऐकले की पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका, मोबाइलवर व्हिडिओही काढू नका.

मूल गेल्यावर लगेच लिहून ठेवा, त्याच्याच शब्दांत. "मुलीने सांगितले की काकाने लैंगिक अत्याचार केला" अशी नोंद कामाची नाही, दुसरीतली मुलगी असे बोलत नाही. "मंगळवार, मधली सुट्टी, व्हरांड्यात. म्हणाली: 'काका अंधाराचा खेळ खेळतात, मला नाही आवडत. आईला सांगितलं तर टॉमीला सोडून देईन म्हणतात.' मी विचारले: 'मग?' काही बोलली नाही, नखे खात राहिली." अशी नोंद न्यायालयातही उभी राहते. खाली तारीख, वेळ, सही.

कळवायचे कुठे?

१०९८ ही चाइल्डलाइन २४ तास चालते, फोनला पैसे पडत नाहीत. १९९६ मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून तिची सुरुवात झाली. २०२३ पासून ती केंद्र आणि राज्य सरकारांच्या यंत्रणेमार्फत चालते आणि ११२ शी जोडलेली आहे. तुमचे नाव गुप्त ठेवायला सांगता येते. मूल कुठे आहे, वय अंदाजे किती, आत्ता सुरक्षित आहे का, त्रास देणारा त्याच घरात राहतो का, असे प्रश्न विचारतील. पत्ता नीट सांगा. 'मारुतीच्या देवळामागची चाळ' चालेल, पण गाव आणि तालुका सांगायला विसरू नका.

याशिवाय पोलीस ठाण्यातले बाल कल्याण पोलीस अधिकारी, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि मुलांच्या काळजीचे, संरक्षणाचे निर्णय घेणारी बाल कल्याण समिती आहेच. गावात ग्राम बाल संरक्षण समिती असायला हवी. ती कागदावरच आहे की चालते, ते ग्रामपंचायतीत विचारून ठेवा. पण लैंगिक गुन्हा असेल तर १०९८ वर सांगून स्वस्थ बसू नका, कायद्याने माहिती पोलिसांपर्यंत पोचायला हवी.

पोलीस ठाण्यात काय होईल? लेकराला तिथे न्यावे लागेल?

नाही. पॉक्सोच्या कलम २४ नुसार मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल अशा ठिकाणी घ्यायचा. शक्यतो महिला अधिकारी, उपनिरीक्षक दर्जापेक्षा खालची नको, आणि अंगावर वर्दी नको. आई-वडील किंवा मुलाचा विश्वास असलेले माणूस सोबत बसू शकते. कोणत्याही कारणाने मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. कोरकू, गोंडी किंवा पारधी बोलणाऱ्या मुलाला मराठीत जबाब द्यायची सक्ती नाही, दुभाषी मागा. मूकबधिर किंवा मतिमंद मुलासाठी विशेष शिक्षक मागता येतो. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचे असते.

आता ठाण्यातली नेहमीची वाक्ये. "अर्ज देऊन जा, साहेब आले की बघतो." अर्ज म्हणजे एफआयआर नव्हे. "एनसी घेतो." एनसी अदखलपात्र गुन्ह्याची असते, पॉक्सोचे गुन्हे दखलपात्र आहेत, म्हणजे त्यांत पोलिसांनी थेट एफआयआर नोंदवून तपास करायचा असतो. "आमच्या हद्दीत येत नाही." हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून मग वर्ग करता येतो, यालाच झिरो एफआयआर म्हणतात, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते स्पष्ट लिहिले आहे. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. ठाणे अंमलदार ऐकतच नसेल तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, टपालाने चालते. तिथेही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा.

दवाखान्यात आधी की पोलिसांकडे आधी?

मूल दुखावलेले असेल तर दवाखाना. एफआयआर नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, आणि प्रथमोपचार, उपचार मोफत देणे खासगी रुग्णालयांनाही बंधनकारक आहे. एचआयव्ही टाळण्याची औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, म्हणून "सोमवारी बघू" नको. शक्य असेल तर अंघोळ घालू नका. कपडे धुऊ नका, प्लास्टिकच्या पिशवीत न भरता कागदात गुंडाळून न्या. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची. उशीर झाला असेल, कपडे धुतले गेले असतील, तरी जा.

शाळा म्हणते, "बाहेर बोभाटा नको, आम्ही त्या शिपायाला काढून टाकतो."

आज काढून टाकलेला शिपाई उद्या दुसऱ्या शाळेत लागतो. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात बालवर्गातल्या दोन चिमुरड्यांवर शाळेतल्याच सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचे प्रकरण सगळ्यांना आठवत असेल. तक्रार नोंदवायला पालकांना तासन्‌तास ताटकळावे लागले, २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि न कळवल्याबद्दल शाळेच्या विश्वस्तांवरही गुन्हा दाखल झाला. शाळेचे नाव राखायचे असेल तर त्याच दिवशी कळवणे हाच मार्ग आहे. २०२२ पासून राज्यातल्या शाळांत मुलांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती असणे अपेक्षित आहे. पालकसभेत तिच्या सदस्यांची नावे विचारा. उत्तर देताना मुख्याध्यापक आणि शिक्षक एकमेकांकडे बघू लागले तर काय ते कळेलच.

घरचेच म्हणतात, मिटवून टाका. गावातली मोठी माणसेही बसली आहेत.

पॉक्सोचा गुन्हा बैठकीत मिटत नाही. पैसे घेऊन, माफीनामा लिहून किंवा "मोठी झाली की लग्न लावून देऊ" म्हणून तर नाहीच. जात पंचायत वाळीत टाकायची धमकी देत असेल तर सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा हाताशी आहे, तीही तक्रार करा. करणारा घरातलाच कमावता माणूस असेल तेव्हा आईची कोंडी खरी असते. तिला दोष देऊन काही साधत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील आणि मनोधैर्य योजनेतून अर्थसाहाय्य मिळू शकते, हे तिला पहिल्याच भेटीत सांगा.

बालविवाह ठरलाय. हेही कळवायचे?

हो, आणि मांडव पडायच्या आधी. ग्रामीण भागात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. बीडसारख्या जिल्ह्यांत ऊसतोडीला जाण्याआधी मुलीचे हात पिवळे करून टाकण्यामागे तिला मागे कुणाकडे ठेवायचे, ही भीती असते. म्हणून लग्न थांबवताना तिच्या वसतिगृहाची सोयही बघा. लग्न झाले तरी १८ वर्षांखालच्या पत्नीशी संबंध हा बलात्कारच, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये सांगितले आहे.

सतरा वर्षांच्या दोघांचे एकमेकांवर प्रेम आहे. तिथेही पॉक्सो?

कायद्याच्या अक्षराप्रमाणे हो, १८ खाली संमती धरली जात नाही. हा कायद्यातला सगळ्यात अवघड कोपरा आहे आणि न्यायालयांनीही यावर वेळोवेळी चिंता व्यक्त केली आहे. मुलगी गर्भवती असेल तर भीतीपोटी तिला भोंदूकडे नेऊ नका. सप्टेंबर २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे, गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर पोलिसांना माहिती देताना डॉक्टरला तिची ओळख उघड करावी लागत नाही.

कुणीतरी मुलीचे फोटो मागतोय, व्हायरल करायची धमकी देतोय.

मोबाइल हिसकावून घेऊन मुलीला मारू नका. धमकावणाऱ्याला नेमके तेच हवे असते, की तिने घरी सांगायला घाबरावे. पैसे देऊ नका, चॅट पुसू नका. नंबर, प्रोफाइल, तारखा टिपून ठेवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा ठाण्यात तक्रार करा. पोर्टलवर अशा तक्रारी नाव न देताही करता येतात. मुलांचा अश्लील मजकूर ग्रुपवर आला तर "बघा, काय चाललंय" म्हणून पुढे पाठवणे हाही गुन्हा आहे. तो मोबाइलवर ठेवणेही गुन्हा ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले.

मुलाचे नाव सांगून लोकांना सावध केले तर?

करू नका. नाव, फोटो, शाळा, गल्ली, वडिलांचे नाव, ओळख पटेल असे काहीही छापणे किंवा पसरवणे पॉक्सोच्या कलम २३ खाली गुन्हा आहे. सहानुभूतीची पोस्टही यातून सुटत नाही.

कुणी सूडाने खोटी तक्रार केली तर?

बदनामी किंवा पैसे उकळण्याच्या हेतूने केलेल्या खोट्या तक्रारीला पॉक्सोच्या कलम २२ मध्ये शिक्षा आहे. मुलाने केलेल्या तक्रारीला ती लागू नाही. चुकणे आणि खोटे बोलणे यांत कायदा फरक करतो.

कोर्टात मुलाला किती वेळा उभे करतील? समोर आरोपी असेल?

मुलाला आरोपी दिसणार नाही अशी सोय करावी लागते, पडदा किंवा व्हिडिओ. सुनावणी बंद दाराआड. वकील थेट प्रश्न विचारत नाही, न्यायाधीशांमार्फत विचारतो. वारंवार बोलवायचे नाही. दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्यतो एका वर्षात खटला, असे पॉक्सोचे कलम ३५ म्हणते. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे पालकांना आधीच सांगितलेले बरे. बाल कल्याण समितीकडून सपोर्ट पर्सन मागून घ्या. तारखेची आठवण करण्यापासून मुलाला कोर्टाची खोली आधी दाखवून आणण्यापर्यंतची कामे तो करतो.

गोव्यात काय वेगळे?

पॉक्सो तिथेही लागूच. पण त्याच्या किती तरी आधी, २००३ मध्ये, गोव्याने स्वतःचा गोवा बाल कायदा केला आणि वेगळे बाल न्यायालय स्थापले. पर्यटन लक्षात घेऊन हॉटेलचालकांवर मुलांच्या सुरक्षेची जबाबदारी टाकली आहे. किनाऱ्यावर नोकरी करणाऱ्या मराठी मुला-मुलींनी हे जाणून घ्यावे.

कळवून पंधरा दिवस झाले, काहीच हालचाल नाही.

एफआयआरचा क्रमांक आणि तपास अधिकाऱ्याचे नाव घेऊन बाल कल्याण समितीपुढे लेखी अर्ज करा, पोच घ्या. प्रत पोलीस अधीक्षकांना आणि महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाला. एफआयआरच नसेल तर १०९८ वर पुन्हा फोन करा, आधीच्या फोनची तारीख सांगा. दरम्यान त्या मुलाशी रोजच्यासारखे बोलत राहा, केसबद्दल नको, अभ्यासाचे, क्रिकेटचे, डब्यातल्या भाजीचे.